टेबलावरचं घड्याळ

सोमवार, ता. ३
आज सामान आणलं. सामान म्हणजे एक ट्रंक, नळदुरुस्तीच्या हत्यारांची पेटी आणि मी. अडुसष्टाव्या वर्षी पहिलं लग्न करून बायकोच्या घरी नांदायला आलो. शेजारचा शिंपी म्हणाला, घरजावई उशिरा मिळाला, पण मुरलेला मिळाला. सगळे हसले, मीही हसलो. ही निवृत्त नर्स. गल्ली तिला सिस्टर म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला, असं तीच म्हणाली. दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन, एकही नळ गळत नाही. तिने मला कातडी पट्ट्याचं मनगटी घड्याळ दिलं, आणि ही वही न् पेन. मन घाबरं झालं की लिहीत बसा, हात कामात असला की माणूस जागेवर राहतो, असं ती पेशंटना सांगायची म्हणे. चौथी पास माणसाला एवढी जाड वही.

बुधवार, ता. ५
माझ्या हातून तिची कपबशी फुटली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ती म्हणाली, जाऊ द्या, पायात काच जाईल. एवढंच. मग भांडी घासायला गेली. जाताना तिने आपलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. टक्. मी भिंतीपासून हललो नाही.

लिहूनच टाकतो. आईबाप गेल्यावर मी काकाकडे वाढलो. मारायच्या आधी तो घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा, काच फुटू नये म्हणून. मग गोड आवाजात म्हणायचा, ये बाळा, मी रागावलो नाही.

सिस्टरची ती दवाखान्यातली सवय आहे. मला कळतं. पाठीला कळत नाही.

शनिवार, ता. ८
दुपारी मुद्दाम बरणी फोडली. काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, वाट बघणं नको. तिने काचा झाडून घेतल्या आणि विचारलं, बरं वाटत नाही का. आवाज गोड. खेकसली असती तर मला घास गेला असता.

शेवटी काकाचं सगळं सांगितलं. तिने आपलं घड्याळ कपाटात ठेवून कुलूप लावलं, यापुढे घालणारच नाही म्हणाली. माझ्यासाठी असं कुणी काही केलं नव्हतं. तरी वाटलं, एवढं चांगलं कशासाठी?

मंगळवार, ता. ११
ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. माझ्या मागे टेबलावर टक् — मी वळून पाहिलं नाही. काकाच्या वेळीही पाहत नसे. त्यापुढचं काही आठवत नाही. भानावर आलो तेव्हा ती जमिनीवर बसून लाटणं उचलत होती. माझ्याकडे न बघता.

गुरुवार, ता. १३
पुन्हा टक्. तिचं मनगट रिकामं, कपाटाला कुलूप. मग काका — पण तो जाऊन चाळीस वर्षं झाली.

तिच्या दंडावर निळा डाग आहे. दाराची कडी लागली, असं शिंप्याला सांगत होती. शाळेत मास्तरांना मीही कडीच सांगायचो. शिंपी तिला म्हणाला, काही दिवस बहिणीकडे जा. मला बघून गप्प झाला.

शुक्रवार, ता. १४
ती आतल्या खोलीत. आतून कडी. मी बाहेर टेबलाशी. मीच आत्ता तिला म्हणालो, ये, मी रागावलो नाही. हळू. गोड. तो आवाज —

मनगट मोकळं आहे. कातडी पट्टा टेबलावर. काचेवर साधा ओरखडा नाही.

आतून म्हणते, लिहीत राहा. हात वहीवरून उचलू नका.

लिहितोय. शिंप्याला हाक मार म्हणालो. म्हणते, मला तुमची भीती नाही, मी बाहेर येते. असा विश्वास कुणी कुणावर — नको ना. कडी काढू नकोस. शाई फिकी झाली. लिहितोय. कडी वाजली. सिस्टर, थांब, अजून लि