तांब्याची वायर, चांदीची वायर

प्रिय बबडे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सगळं सांगणारच होते. अगदी जिभेवर आलं होतं. पण बाबांचा विषय निघाला की तू "बरं, ठेवते गं आई" म्हणतेस आणि मग मी हातातल्या फोनकडे बघत बसते. पत्राचं तसं नाही. तू ते अर्ध्यात खाली ठेवलंस तरी ते कुठेतरी पडून राहणार, आणि कधीतरी तुझा हात त्याच्यावर जाणारच. म्हणून आज शिवणाचं मशीन झाकून ठेवलं आणि लिहायला बसले. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, एवढं सलग लिहायची सवय उरलेली नाही.

आधी इकडची खबरबात. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे पडदे शिवून दिले. त्यांना फिकट निळे हवे होते, मी म्हटलं त्या निळ्यात पेशंट अजूनच गारठतील, तर शेवटी मातकट रंगावर गाडी आली. गुडघा कुरकुरतो, पण पेडल मारता येतं तोवर चालू आहे. समोरच्या इमारतीला नवा रंग दिलाय, इतका भडक की दुपारी आपल्या स्वयंपाकघराची भिंतसुद्धा गुलाबी दिसते. आणि एक गंमत. हसू नकोस, पण मी आता हेडफोन ऐकते. ऐकते म्हणजे बाबांसारखी, आरामखुर्चीत मान टेकून, डोळे मिटून. तू घरात होतीस तेव्हा या प्रकाराला मी काय काय नावं ठेवायचे ते तुला आठवत असेल. ऑफिसात दिवसभर नकाशे काढायचे आणि घरी आलं की कानांवर टोपल्या चढवून बसायचं, वर मासिकात त्यावर पानंच्या पानं लिहायची. ह्या माणसाने संसार ऐकला कधी, असं मी शेजारणीला म्हणायचे.

निवृत्तीनंतर तर ते पूर्णवेळच झालं. कंपन्यांकडून लाकडी पेट्या यायच्या. आत काळ्या स्पंजात दागिन्यासारखे बसवलेले हेडफोन, मऊ कातड्याच्या गाद्या, शिवाय वेगळ्या पिशवीत वायरी. वायर म्हटलेलं त्यांना आवडत नाही, केबल म्हणायचं. महिनाभर ऐकायचे, लिहायचे आणि पेटी जशीच्या तशी परत पाठवायची. तुझ्या खोलीत त्यांनी बैठक मांडली. मीच तिथे जाड दुपदरी पडदे शिवून दिले, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. तुझं कपाट मात्र हलवलेलं नाही.

तर एका दुपारी त्यांनी मला तिथे बोलावलं. मला वाटलं पडद्याची कडी निसटली. ते म्हणाले, "अगं, जरा बस इथे." माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला, माझे केस त्यात अडकले तर बोटांनी हळूच सोडवले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या केसांना असा हात लावलेला मला आठवत नाही. मग गाणं लावलं आणि माझ्यासमोर वही घेऊन बसले. म्हणाले, "काय वाटतं ते सांग. शहाणपणाचं नको, वाटेल ते." एक बाई गात होती, मागे एकच वाद्य. मी म्हटलं, बाई दारात उभी राहून गातेय, आत आलेली नाही. त्यांनी लिहून घेतलं. मग वायर बदलली, आधी तांब्याची होती, आता चांदीची लावली. मी म्हटलं, आता आत आलीय, पण परीटघडीचे कपडे घालून आलीय, तिला टेकून बसता येत नाहीये. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मान खाली घालून तेही लिहून घेतलं.

त्या दिवसापासून दुपारची माझी बैठकच बसली. मला त्यांच्यासारखे शब्द येत नाहीत, मला कापड कळतं, तर मी कापडातच सांगायचे. या हेडफोनचा आवाज अस्तर न लावलेल्या कोटासारखा आहे, दिसतो नीट पण अंगावर पडत नाही. हा सुळसुळीत आहे, पकडायला गेलं की सटकतो. ह्यातला ढोल म्हणजे ओली चादर झटकल्यासारखा. एका खूप मानाच्या हेडफोनला मी म्हटलं, सगळ्या शिवणी दिसतायत, शिंप्याने कौतुक करावं पण घालणाऱ्याला टोचेल. ते वाक्य त्यांनी तसंच छापायला दिलं. संपादकांचा फोन मीच घेतला. ते म्हणाले, साहेबांच्या लिखाणात अलीकडे ओलावा आलाय. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवून एकटीच हसत बसले. एकदा त्यांनी माझी परीक्षासुद्धा घेतली. माझ्या पाठीमागे उभे राहून तीनदा वायरी बदलल्या आणि विचारलं, कुठली बरी? मी छाती फुगवून सांगितलं, तिसरी, तिसरी म्हणजे लोणी. तर यांनी वायर एकदाही बदललेली नव्हती, नुसतं प्लग काढल्यासारखं करून तोच परत लावत होते. इतके हसले बबडे, की खुर्चीचा हात धरावा लागला. म्हणाले, "अगं, मलाही असंच व्हायचं. कुणाला सांगू नकोस."

'व्हायचं' म्हणाले, 'होतं' नाही. आता ते तुला सांगायलाच हवं.

त्यांचा डावा कान गेला. एका सकाळी उठले तर त्या बाजूला भिंत उभी राहिल्यासारखं झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, कसलासा विषाणू म्हणाले, पण कान गेला तो गेलाच. मला त्यांनी तुला सांगू दिलं नाही. "एक गेलाय, दोन होते," एवढंच बोलले आणि पुढच्या पेटीवर लिहायला बसले. मग उजवा वरून वरून झिजायला लागला. आधी दाराची घंटा ऐकू येईना. मग कुकरची शिट्टी. मग शब्दांतले 'स' आणि 'श' गळायला लागले, साखर म्हटलं की त्यांना आखर ऐकू यायचं आणि ते चिडायचे की मी पुटपुटते. मशीन लावलंय कानाला, त्याने आवाज मोठा होतो पण फाटका तो फाटकाच राहतो. वरचे सूर तर मुळीच पोहोचत नाहीत. आणि नेमकं त्यावरच तर त्यांचं सगळं लिखाण उभं होतं. म्हणून त्यांनी माझे केस सोडवून मला तो हेडफोन घातला होता. मला ते त्या दिवशीच कळलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि दोन वर्षं आमचं ते गुपित असं छान चाललं. खरं सांगू, मला ती वर्षं आवडली. लग्नानंतर पहिल्यांदाच ते मला विचारत होते, तुला काय ऐकू येतं. आणि मी सांगत असताना माझ्या ओठांकडे बघायचे. मला वाटायचं कौतुकाने बघतात. कौतुक असेलही, पण ते ओठ वाचायला शिकत होते.

मागच्या महिन्यात एका मोठ्या दालनात प्रदर्शन होतं. सगळ्या कंपन्यांचे स्टॉल, प्रत्येकापुढे खुर्ची. संपादकांनी फारच आग्रह केला, म्हणून गेलो. आम्ही ठरवलं होतं की मी सतत जवळ उभं राहायचं. पण चहाच्या टेबलाशी संपादकांच्या बायकोने मला गाठलं आणि तेवढ्यात एका स्टॉलवरच्या तरुण इंजिनिअरने यांना ओळखलं. त्याने मोठ्या आदराने यांना बसवलं, नवा हेडफोन घातला, जाडजूड विणलेली चांदीची वायर लावली. भोवती माणसं जमली. मी गर्दीतून पुढे घुसेपर्यंत बाबांनी डोळे मिटले होते. चेहरा अगदी तसा, जसा आपण दोघींनी आयुष्यभर पाहिला. मग डोळे उघडून ते म्हणाले, "मधला भाग छान मोकळा आहे. वरचे सूर किंचित कोरडे, पण या केबलने त्यांना धार आलीय." त्या मुलाचा चेहरा लाल झाला. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "सर, अजून सुरू केलं नाहीये."

बाबांना तेही ऐकू आलं नाही. ते हसून मान हलवत होते. मग त्यांनी भोवतालच्यांचे चेहरे पाहिले, एकेक करत, आणि शेवटी माझा. त्यांना आता माझा चेहरा वाचता येतो. कुणी हसलं नाही गं. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हेडफोन काढला, वायरीची नीट गुंडाळी केली, तो पेटीत जसा होता तसा ठेवला, त्या मुलाचे आभार मानले आणि माझा दंड धरून बाहेर आले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. तेव्हापासून ते त्या खोलीत गेलेले नाहीत. मासिकाला दोन ओळी पाठवून लिखाण थांबवलं. दोन पेट्या आल्या, त्या मीच परत पाठवल्या. दिवसभर गॅलरीत बसतात. जेवायला हाक मारून उपयोग नाही, खांद्याला हात लावावा लागतो. माझा आवाज पातळ, तो त्यांच्यापर्यंत आता पोहोचतच नाही. संपादक म्हणतात, तुम्ही स्वतःच्या नावाने लिहा. पण समोर लिहून घेणारं माणूस नसेल तर मी कुणाला सांगू?

एकदा गॅलरीत मी त्यांच्याजवळ भाजी निवडत बसले होते. ते आपणहून बोलले. म्हणाले, "बबडीचा आवाज मला अजून आठवतो, पण तो एकच वाक्य बोलतो." कुठलं ते मला विचारावं लागलं नाही. तू मित्रमैत्रिणींबरोबर स्टुडिओत जाऊन ते गाणं रेकॉर्ड करून आणलं होतंस, पहिलंवहिलं. मी दारात उभी होते. त्यांनी ते सगळ्यात भारी हेडफोनवर ऐकलं, मग वायर बदलून पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, चांदीवर तुझा आवाज बरा वाटतो, तांब्यावर फारच जाड होतो. तू त्यांच्या कानांवरून हेडफोन काढलास आणि म्हणालीस, "बाबा, मी गाणं आणलं होतं, वायर नाही." त्यानंतर तू त्यांच्याशी बोलली नाहीस आणि बहुधा गायलीही नाहीस. तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, माझं काय चुकलं? आणि त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. आता कळलंय. त्या दिवशी गॅलरीत म्हणाले, "ती आपलं गाणं मला दाखवायला आली होती. मी तिला काही बोललोच नाही." मी पुढे भाजी निवडत राहिले.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. येत्या महिन्याच्या शेवटी त्यांचं ऑपरेशन आहे. कानाच्या आत एक यंत्र बसवणार. डावा कान आतून हाडासारखा घट्ट झालाय, तिथे ते बसत नाही, म्हणून उजव्यातच बसवायचं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. यंत्र बसलं की सरावाने शब्द पुन्हा कळू लागतील, बोलणं चालणं होईल. पण कानात आता जे उरलंसुरलं ऐकू येतं ते बहुतेक कायमचं जाईल, आणि यंत्रातून येणारे आवाज ओळखीचे वाटतीलच असं नाही. कुणाला ते पत्र्यासारखे वाटतात, कुणाला सगळी माणसं एकाच आवाजात बोलल्यासारखी. मी विचारलं, आत्ता त्यांना नक्की काय ऐकू येतं? त्या म्हणाल्या, खालचे, जाड, भरदार आवाज, तेही अगदी जवळून. म्हणजे मी नाही बबडे, तू. तुझा आवाज अजून त्यांच्यापर्यंत पोहोचेल, आणखी काही आठवडे. मी तुला लिहितेय हे त्यांना माहीत नाही, आणि तू आली नाहीस तर कळणारही नाही. गायलाच हवं असं नाही. माफ केलं म्हणायलाही नको, नसेल केलं तर खोटं कशाला? भांडायचं असेल तर भांड. पण ये, आणि बोलशील ते त्यांच्या उजव्या बाजूला बसून, सावकाश बोल.

वाट बघणारी तुझीच,
आई