ताईच्या घड्याळाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बस डेपोत ड्यूट्या लावण्याच्या कामावरून निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, 'स्थिर मनाने' असं लिहावंच लागतं." मी गॅस बंद आहे ना ते पुन्हा एकदा पाहून आले आणि म्हटले, लिहा, बुद्धी स्थिर आहे, पायांचे सांगू शकत नाही. डेपोत मला भिंगरी म्हणत, ते काही उगाच नव्हे.

कलम पहिले. राहते घर माझ्या कमाईचे असून त्यावर कुणाचाही बोजा नाही. माझ्यामागे ते माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, हयातभर वापरावे. तिला तिथून कुणीही, कितीही प्रेमाने, हलवू नये. 'प्रेमाने' हा शब्द मुद्दाम घातला आहे.

कलम दुसरे. रंगीत पेन्सिली, चिकटपट्ट्या आणि पुठ्ठा कापायची सुरी डेपोत माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावी. आमच्याकडे लाल म्हणजे पहाटेची पाळी, हिरवा म्हणजे लांबचा मार्ग, पिवळा म्हणजे सुट्टी. ड्रायव्हर चालता चालता भिंतीवरच्या ड्यूटीच्या तक्त्याकडे नजर टाकी आणि आपल्या बसकडे जाई. नवे साहेब म्हणाले, "बाई, हे काय पोपटांचं प्रदर्शन?" आणि सगळे काळ्यापांढऱ्यात छापून घेतले. दुसऱ्या दिवशी एका बसवर दोन ड्रायव्हर चढले आणि तिसरी बस फाटकात उभी राहिली. साहेबांना माझ्याकडून काहीही देऊ नये. नमस्कारसुद्धा.

कलम तिसरे, घड्याळाबद्दल. हे नीट वाचावे.

ताई शाळेत शिकवायची. पक्षाघाताच्या झटक्यानंतर हातपाय सावरले, पण अक्षरे आणि आकडे गेले. दिसत सगळे होते, वाचता काही येत नव्हते. घड्याळासमोर उभी राहून विचारायची, "हे आता काय म्हणतंय गं?" मी घड्याळाची काच काढून तबकडीवर रंगीत कागद चिकटवले. तासकाटा निळ्यावर आला की न्हाणीघराचे निळे दार. केशरीवर आला की केशरी ताट. लाल म्हणजे गोळ्यांची लाल डबी. हिरवा म्हणजे चपला घालून कोपऱ्यापर्यंत चक्कर. आठवडाभरात ती न विचारता अंघोळीला गेली. आत पाण्याचा आवाज येत होता आणि मी बाहेर उगाच कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आवळत होते.

गेल्या वर्षी मला तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवले, तेव्हा ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बायकोला घेऊन राहायला आला. त्याने प्रेमापोटी घर रंगवून काढले. दारे पांढरी केली, मी जागोजागी चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या खरवडल्या, नवे घड्याळ आणले. म्हणाला, "मावशी, घर बालवाडीसारखं दिसत होतं. आईला लाज वाटत असेल." लाज कुणाला वाटत होती ते मला माहीत आहे.

ताई अंगावर टॉवेल घेऊन मधल्या जागेत उभी राहिली. सगळी दारे सारखी. दुपार झाली तरी जेवली नाही. भाचा म्हणाला, "आईला आता आमच्याकडेच नेऊ." मला हे फोनवर कळले तेव्हा मी सुईसकट पलंगावरून उतरले होते. नर्सने परत झोपवले.

घरी आले तर नव्या घड्याळाच्या तबकडीवर आणि दारांवर पुन्हा रंग होते. पण माझे नव्हते. अंघोळीला राखाडी, फिरण्याला गुलाबी. मी कडाडले, "हे कुणी केलं?"

भाचेसून म्हणाली, "मला तुमचे रंग ठाऊक नव्हते, मावशी. म्हणून सासूबाईंनाच विचारलं. रंगपेटी पुढे ठेवली, त्यांनी एकेक उचलून दिला."

"आणि हे जांभळं काय? एवढा मोठा तुकडा?"

ताई खिडकीजवळून म्हणाली, "ते माझं. तेव्हा काही करायचं नाही."

इतक्या वर्षांत मी तिच्या दिवसात अशी जागा ठेवली नव्हती, कारण माझ्या दिवसात ती कधी नव्हतीच. मला राग आला. तो अजून आहे. पण राखाडीवर काटा आला आणि ताई उठली, गुणगुणत गेली. माझ्या निळ्याच्या वेळी ती कधी गुणगुणली नव्हती. म्हणून तबकडीवरचे रंग आहेत तसेच ठेवावेत. बदलायचेच झाले तर ताईच बदलेल.

कलम चौथे. ताईच्या पश्चात घर भाच्याला न जाता भाचेसुनेला जावे. वकीलबाई म्हणाल्या, "भाचे नाराज होतील." होऊ देत. त्याला घर रंगवायची शिडी द्यावी.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक ताईच्या औषधपाण्यासाठी असून तिचा व्यवहार भाचेसुनेने पाहावा.

कलम शेवटचे. आज संध्याकाळी ताईने विचारले, "उद्या तू कुठल्या रंगात?" मी म्हटले, "उद्या मी दवाखान्यात." ती म्हणाली, "मग परवा?" मी पाणी भरायच्या निमित्ताने उठले. हंडा भरलेलाच होता.

मी परत आले नाही तर ताईला 'ती गावाला गेली' असे सांगू नये. तिचे डोके शाबूत आहे, गेली आहेत ती फक्त अक्षरे. भाचेसुनेने जवळ बसून खरे सांगावे. ती रडेल. तेव्हा काटा कुठल्याही रंगावर असो, तिला उठवू नये.

साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर सही करत आहेत:
१. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले
२. लांबच्या मार्गावरचे निवृत्त ड्रायव्हर

सही: ताईची धाकटी बहीण
ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सोमवार