मागच्या सीटवरची झोप

३ एप्रिल, बुधवार
दुपारी दाजी गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आले. आवाज गल्लीच्या तोंडापासूनच, फाटक्या ढोलासारखा. माझा कारागीर यादगिरी वेल्डिंग सोडून बाहेर आला. "सेठ, वो सीटीवाली गाडी!" टर्बोच्या शिट्टीवर तो खूश असतो. अक्काच्या घरी ही सिंगापूरची गाडी आल्यापासून दाजी ती शिट्टी ऐकवायलाच चकरा मारतात की काय असं वाटतं.
खाली जाऊन पाहिलं. टर्बोच्या मानेखाली धुराच्या पाइपला चीर. मागचे पाइप लटकवायचे रबर सगळे गेलेले, कुणीतरी तारेनं बांधून ठेवलंय. म्हणालो दोन दिवस ठेवा. "छे, संध्याकाळी हॉटेलात पार्टी आहे." वेल्ड मारून दिलं.
भाची रश्मी मागच्या सीटवर. क्लासला सोडायची होती. हाक मारली तर डोळे उघडेनात.

७ एप्रिल
बरकतपुऱ्याला अक्काकडे जेवायला. जेवण कसलं. दाजी र.वर घसरले. क्लासच्या टेस्टमध्ये पेपरवर डोकं ठेवून झोपली म्हणे. ती म्हणते डोकं दुखतं, मळमळतं. दाजी म्हणाले, "अभ्यासाचं नाव काढलं की दुखतं." अक्कानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "कुणाच्या नादी तर लागली नसेल ना रे? गोळ्याबिळ्या घेतात म्हणे आजकालची पोरं." डॉक्टरनं रक्त कमी म्हणून टॉनिक दिलंय.
पोरगी तशी नाही. पण काहीतरी आहे. तोंडावर रया नाही.

११ एप्रिल
गाडी परत. माझं वेल्ड शाबूत, त्याच्या शेजारी नवी चीर. म्हणजे धातू ओढला जातोय. इंजिन हलतं, पाइप हलायला जागा नाही, आणि टर्बोपासून शेपटापर्यंतचं सगळं ओझं त्या एका मानेवर. कितीही वेल्ड मारा, आधार नसेल तर फाटणारच.
दाजींना समजावलं. ऐकत होते, लक्ष नव्हतं. खिशातला रुमाल काढून बॉनेटवरचा हाताचा ठसा पुसत होते. "वीस वर्षं स्कूटरवर काढली रे मधू. बँकेत मॅनेजर होतो तरी कुणी खुर्ची देत नव्हतं. आता हॉटेलच्या पोर्चमध्ये गाडी शिरली की लोक उठतात." परवा मुंबईचे लोक येताहेत, मग ठेवतो म्हणाले. परत डागडुजी. मनाला पटलं नाही.

१४ एप्रिल, रविवार
सिकंदराबादला लग्न. दाजी म्हणाले आमच्याबरोबर चल, गाडीत बसून तर बघ. मी आणि र. मागं, अक्का पुढं. बाहेर भट्टी, आत एसी गारेगार. दाजींनी आपल्या बाजूची काच चार बोटं खाली घेतलेली, सिगरेटसाठी. टँकबंडपर्यंत माझं डोकं जड. मग कानशिलं उडायला लागली. ऊन बाधलं म्हटलं. अक्काला मळमळ. र. माझ्या खांद्यावर झोपलेली. हलवलं, उठेना. मी काच खाली केली.
"एसी चालू आहे, काच वर घे," दाजी.
उतरताना तिचा तोल गेला. मांडवात ताक पिऊन, वाऱ्यावर बसून तासाभरात तिघंही बरी. दाजींना काहीच झालं नव्हतं.
तेव्हा लख्ख कळलं. येताना मी र.ला घेऊन रिक्षानं आलो, अक्काला काच खाली ठेवायला सांगितलं. लग्नाच्या गडबडीत दाजींना फक्त एवढंच म्हणालो, उद्या गाडी आणा, आवाज नीट नाही.

१५ एप्रिल
आणली. ते गेल्यावर मागची सीट काढली, चटई उचलली. पत्र्यात दोन भोकं, त्यांची रबरी बुचं गायब. भोकांभोवती काजळी. बरोबर खाली सायलेन्सरचा जोड कुजून उघडा. इंजिन चालू करून भोकावर तळहात धरला. ऊन श्वास लागावा तसा.
यादगिरीनं कानाला हात लावला. "सेठ, ये धुआँ तो लोगां अंदर बैठके पी रहे थे!"
धुरातल्या ह्या वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो एवढंच. आणि चालवणारा आपल्या उघड्या काचेशी. त्याला कधीच कळलं नसतं.


१६ एप्रिल
बरकतपुऱ्याला जाऊन सांगितलं. सगळ्यांसमोर. दाजी आधी हसले, मग, "दोन महिने चालवतोय. मला झालं काही?" सिगरेटच्या काचेचं सांगितलं. चेहरा उतरला, पण लगेच, "तुला ती गाडी पहिल्या दिवसापासून खुपते."
र. दाराशी उभी. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना, मामा?"
आणि रडायला लागली. अक्कानं तिला जवळ घेतलं, दाजींकडे पाहिलं. दाजी उठून गॅलरीत गेले.
गाडी माझ्याकडे राहणार. र. बसनं जाईल.

२० एप्रिल
चार दिवस हेच काम. भोकं बंद केली. नवा सायलेन्सर. गिअरबॉक्सवरून पाइपला लोखंडी आधार करून घेतला, म्हणजे इंजिन हललं की पाइपही त्याच्याबरोबर हलेल. पुढं लवचीक जाळीचा तुकडा, तो जनरेटरवाल्याकडून आणला. मागं नवी रबरं. आता मानेवर वजन नाही. दोघांनी पाइप धरून हलवला, बरोबर डुलतो. समाधान वाटलं.
मग शेडचं शटर अर्धं ओढून इंजिन तापवलं. टर्बोचं कवच लाल होत गेलं, निखाऱ्यासारखं. त्या लालीत एक काळी रेघ. केसाएवढी. आधी वाटलं काजळी. गार झाल्यावर पुसून पाहिली, आहे तिथंच. इतके दिवस ओझं वाहून मूळ ओतीव कवचच तडकलंय.
याला वेल्ड टिकत नाही. धूर बॉनेटखाली साठणार आणि तिथून एसीच्या हवेच्या वाटेनं आत. भोकं बुजवली ती खालची. ही वाट उरलीच.

२२ एप्रिल
दाजींना फोन. नवा टर्बो बाहेरून मागवावा लागेल, महिना-दोन महिने.
"बंद ठेवायला घेतली नाही मी गाडी."
"दाजी, रेघ आज केसाएवढी आहे. लांबच्या रस्त्यावर उघडेल."
"आवाज बंद झाला ना?"
झालाय. तेच वाईट. आधी निदान ओरडत तरी होती.

२४ एप्रिल
र. आली होती, बसनं, एकटी. काळीठिक्कर झालीये उन्हानं, पण डोळे कसे स्वच्छ. टेस्टमध्ये पहिल्या दहात. कॅरममध्ये मला हरवलं, यादगिरीला हरवलं. जाताना गाडीला वळसा घालून गेली, झोपलेल्या कुत्र्याला घालावा तसा.

२६ एप्रिल, शुक्रवार
सुलतान बाजारला गेलो होतो. परत आलो तर शेड रिकामी.
यादगिरी मान खाली घालून. "दाजी आये, चाबी माँगे. घर का आदमी है बोलके दे दिया, सेठ." चावी माझ्या खिशात हवी होती.
उद्या नांदेडला दाजींच्या पुतण्याची मुंज. सगळे गाडीनं जाणार असं अक्का म्हणाली होती, मग रेल्वेनं जाऊ म्हणाली होती. बरकतपुऱ्याला फोन केला. शेजारच्या बाईंनी उचलला, त्या झाडांना पाणी घालायला आल्या होत्या. "निघाले की दुपारीच. गाडी काय चकाचक झालीये हो तुमच्याकडं!"
माझ्या हातातला रिसीव्हर बायकोनं काढून घेतला.

२७ एप्रिल
सकाळी र.चा फोन, नांदेडच्या बूथवरून. पोचले. देवा.
"मी पूर्ण रस्ताभर काच खाली ठेवली, मामा. बाबा ओरडले तरी. आईनंपण खाली केली. निर्मलच्या पुढं तरी डोकं धरलं थोडं."
शाब्बास म्हणालो. काच खालीच ठेवा येताना.
मग हळूच, "येताना आजीपण आहे, मामा. उन्हाळाभर राहायला येतेय. तिला वारा अजिबात सोसत नाही. कान ठणकतो. ती काच उघडू द्यायची नाही."
आणि स्वतःच्या आईसमोर दाजी सिगरेट ओढत नाहीत. म्हणजे चालवणाऱ्याचीही काच…
अक्काला फोनवर बोलावून घेतलं. रेल्वेनं या म्हटलं. "सासूबाईंचे गुडघे, त्या डब्यात चढणार कशा? आणि यांना सांगणार कोण? कालपासून बोलत नाहीत माझ्याशी." मग म्हणाली, "तू ये. तू आल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. शप्पथ."
दाजी फोनवर आले नाहीत. मुंजीच्या गडबडीत.

२८ एप्रिल, रविवार. नांदेड
सकाळची बस. पिशवीत पाने-पक्कड, तार, कापड. ठरवलं होतं, एसीचा पट्टाच काढून टाकीन, बॉनेटच्या मागची वाट चिकटपट्टीनं बंद करीन, दाजींनी हात उगारला तरी. स्टिअरिंगवर मी बसेन. निर्मलच्या पुढं बस पंक्चर झाली. मी सावलीत बसून होतो तेव्हा रस्त्यावरून कितीतरी गाड्या हैदराबादकडे गेल्या. मी बघत नव्हतो. चाकाकडे बघत होतो.
मुंजीचं घर गाठलं तर मांडव सोडवणं चाललेलं. दाजींचे थोरले भाऊ पुढं आले. "अहो, जेवून लगेच निघाले की. उद्या सकाळी मीटिंग आहे म्हणाला. तुमच्या अक्का फार थांबा थांबा म्हणत होत्या, भाऊ यायचाय म्हणून. शेवटी आईच बोलली, सूनबाई, चारचौघांत तमाशा नको. मग बसल्या."
"काचा?"
"काय?"
"गाडीच्या काचा. निघताना खाली होत्या का वर?"
त्यांना आठवेना. त्यांची बायको म्हणाली, आईंनी डोक्याला शाल गुंडाळली होती. पुतण्या म्हणाला, सगळ्या वर होत्या, रश्मीताईनं आतून हात हलवला.

इथं स्टँडसमोरच्या बूथमध्ये बसून लिहितोय. मघाशी घरी फोन लावला. ही बरकतपुऱ्याला निघालीय, बंद दाराशी थांबेल, सोबत यादगिरी. निजामाबादच्या पोलिसांनाही लावून पाहिला, तिथला शिपाई म्हणाला नंबर सांगा गाडीचा. सांगितला. म्हणाला बघतो.
अक्काकडे रिंग जातेय. उचलत नाही कुणी. हिशोबानं अजून पोचायची वेळ झालेली नाही, बूथवाला म्हणाला थोडं थांबून लावा. उन्हं उतरलीत. आता हवा गार होतेय, आता तरी कुणाला वाटेल काच खाली करावी.
परत लावतो.