एकेचाळीस नंबरचा डिंक

सोमवार, ४ तारीख

आज कामावर रुजू झालो. वय एकोणसत्तर, शिक्षण सातवी नापास आणि नोकरी थेट प्रयोगशाळेत! ही असती तर म्हणाली असती, तिथे काचा फोडू नका म्हणजे झालं. ही गेल्यावर लेकीने मला आपल्या घरी आणलं, त्याला दोन महिने झाले. जावईबापू माणूस वाईट नाही. पण मी खोलीत आलो की त्यांचं वर्तमानपत्र दोन बोटं वर सरकतं. म्हणून मीच लेकीला म्हटलं की बसून खाल्लेलं अंगी लागत नाही, काही काम बघ. तिच्या शाळेतली मैत्रीण इथे मोठ्या पदावर आहे. सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो.

इथे दातांसाठी आणि हाडांसाठी चिकटवायचा पदार्थ तयार करतात. बाई त्याला पॉलिमर म्हणतात. मी मनात डिंक म्हणतो. माझं काम असं : बरण्यांत मिठाच्या पाण्यात उपटलेले दात ठेवलेले असतात, त्यांचं पाणी रोज बदलायचं. बाई सांगतील त्या नंबरचा डिंक दाताला लावायचा, त्यावर धातूची चकती ठेवायची आणि अंगठ्याने दाबून तीस आकडे मोजायचे. मग तो दात वजनमास्तरांकडे द्यायचा. ते चकतीला वजनं टांगत जातात आणि कितीला निखळतं ते लिहून ठेवतात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं मात्र आता दातांवरच भरणार, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले. बरं वाटलं.

लिहून ठेवा, विसराल, असं म्हणून बाईंनी वही दिली. मी एक जास्तीची मागून घेतली. ती ही.

मंगळवार, ५ तारीख

रात्रभर एकच घोर होता, की हे दात कोणाचे? सकाळी वजनमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ज्यांचे होते त्यांना ते नकोच होते आजोबा, तुम्ही कशाला जीवाला लावून घेता. बरोबर आहे. पण माझा स्वभावच तसा. दाराची कडी लावली की नाही हे बघायला मी तीनदा परत जातो.

नियम सांगितले, ते लिहून ठेवतो. तोंड कायम ओलं असतं आणि बाकीच्या डिंकांना ओल सोसत नाही. बाईंचा डिंक उलटा आहे. त्याला ओलच लागते. म्हणून हाताला लागला तर पाणी लावायचं नाही. कोरड्या फडक्याने पुसायचा आणि वर तेल चोळायचं, साधं खाण्याचं. पाण्याने तो वाढतो, तेलाने मरतो. पण हे दोन-तीन दिवसांच्या आत. नंतर तेलही चालत नाही. खाली दोन रेघा मारून ठेवल्या आहेत.

आणखी एक. पान उलटताना मी बोटाला थुंकी लावतो. त्यावरून वजनमास्तर रागावले. इथे बोट तोंडात घालायचं नाही म्हणाले. साठ वर्षांची सवय, एका दिवसात कशी जायची?

गुरुवार, ७ तारीख

चाळीस नंबर नऊ किलोला निखळला. एकेचाळीस निखळलाच नाही. वजनमास्तर वजनं वाढवत गेले, शेवटी दातच मधून फुटला, चकती मात्र जागच्या जागी. बाईंनी टाळ्या वाजवल्या. रुग्णाला सुई टोचावी लागू नये म्हणून यात बधिरपणा आणणारं औषध आधीच मिसळलं आहे, असं त्या म्हणाल्या. मोहरीएवढा पुरतो. माणसांवर वापरायला अजून दोन-तीन वर्षं लागतील. सगळ्यांना चहा झाला.

शनिवार, ९ तारीख

काल घरी जावईबापूंचे साहेब जेवायला आले होते. मला ठसका लागला आणि वरची कवळी निसटून साहेबांच्या ताटाशेजारी पडली. चिमणी, म्हणजे माझी आठ वर्षांची नात, ओरडली की आजोबांचे दात पळाले, धरा धरा! साहेबही हसले. जावईबापू मात्र हसले नाहीत. नंतर आतल्या खोलीत लेकीला म्हणाले, त्यांना वेगळं वाढत जा. मला ऐकू आलं.

आज पाणी बदलताना एकेचाळीसची नळी उघडीच होती. मोहरीएवढे दोन ठिपके काडीने एका डबीत घेतले. चोरीच ती. घरी येईपर्यंत डबी तीनदा चाचपून बघितली. एक ठिपका कवळीला लावला आणि तीस मोजले.

रविवार, १० तारीख

सफरचंद खाल्लं! कापून नाही, दातांनी तोडून. बोलताना शिट्टी वाजायची तीही गेली. हिरडी थोडी जड वाटते, जणू दुसऱ्याचीच. पण दुखत नाही. ही गेल्यापासून पहिल्यांदाच सहा तास सलग झोपलो.

सोमवार, ११ तारीख

संध्याकाळी चिमणी जिन्यात पडली. पुढच्या दाताचा तुकडा उडाला. दुधाचा नव्हे, नवाच आलेला. तुकडा मुठीत धरून ती माझ्याकडेच आली, कारण उद्या वर्गाचा फोटो होता आणि आई रागावेल म्हणून तिला भीती. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही दातांच्या कारखान्यात आहात ना, लावून द्या ना.

डबीत एक ठिपका उरला होता.

तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी तीस मोजले. आरशात पाहून ती एवढी खूश झाली, की माझ्या गळ्यातच पडली. आईला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. तिने माझ्याकडून शपथ घेतली. खरं तर मीच घ्यायला हवी होती.

मंगळवार, १२ तारीख

सकाळी कवळी निघेना. घासायला म्हणून ओढली तर वरचा ओठही सोबत आला. तेल चोळून पाहिलं, पण तीन दिवस उलटून गेले होते. दुखलं काहीच नाही.

प्रयोगशाळेत गेलो तर सगळे एका बरणीभोवती उभे होते. त्या बरणीत गुरुवारी एकेचाळीसचे आठ दात ठेवले होते, काल मी पाणी बदललं तेव्हाही सुटे सुटे. आता त्यांचा एकच गोळा झाला होता. मधल्या पाण्यातून पांढरे तंतू एका दातातून दुसऱ्यात गेले होते आणि बरणीत पाणी जवळजवळ नव्हतंच. बाईंचा चेहरा पडला होता. वजनमास्तरांनी विचारलं, हे थांबतं कुठे? बाई म्हणाल्या, ओल संपते तिथे. मग त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि नळ्यांचं वजन करायला सांगितलं. काही कमी भरलं का, असं मलाही विचारलं. मी नाही म्हटलं.

घरी आलो तेव्हा चिमणी पाणी पीत होती. तिसरा ग्लास, लेक कौतुकाने म्हणाली, आजपर्यंत मागे लागून पाजावं लागायचं. मलाही सकाळपासून तशीच तहान आहे.

लेक बाहेर गेल्यावर मी चिमणीला वाटीत तेल दिलं आणि तोंडात धरून ठेव म्हटलं. एकच दिवस झालाय, अजून वेळ होता. तिने घोट घेतला तेवढ्यात लेक परत आली. पोरीला तेल काय पाजताय म्हणून तिने वाटी हिसकावली. आता सांगावं, आता सांगावं, असं मनात दोनदा आलं. तेवढ्यात जावईबापू दारात दिसले.

मी म्हणालो, खोकल्यासाठी.

लेकीने चिमणीला चूळ भरायला लावली. साध्या पाण्याने. चांगल्या चार चुळा. मी बघत उभा राहिलो.

बुधवार, १३ तारीख

कामावर गेलो नाही. तोंड उजवीकडून बंद झालं आहे. डावीकडून नळीने पाणी घेतो. बोलायला गेलो की घशातून नुसती घरघर. बोलती बंद म्हणतात ती अशी.

लेक घाबरली. अर्धांगाचा झटका म्हणून डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी हातपाय उचलायला लावले, दिव्याने डोळे बघितले. तोंडात बघायला गेले तर दातखिळी बसली आहे म्हणाले. रक्त तपासायला नेलं. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं.

चिमणी माझ्या पायाशी बसून होती. एक शब्द बोलली नाही. लेक म्हणाली, आजोबांचं मनाला लावून घेतलंय पोरीने. शहाणी आहे.

शहाणी नाही गं. तिचं—

कागद मागितला. बोटं जुळून आली आहेत, अंगठा आणि पहिली दोन. पान उलटायची सवय. पेन मुठीत धरून लिहिलं : चिमणी तेल. अक्षर फार वाकडं आलं. लेकीने कितीतरी वेळ वाचलं. मग तिचे डोळे भरून आले. तेल आणून तिने माझ्या डोक्याला चोळलं, हळूहळू, लहानपणी मी तिला लावायचो तसं. म्हणाली, चिमणीनेच लावायला हवं का बाबा? ती झोपलीय. मी लावते ना.

गुरुवार, १४

नवल आहे. काळजी वाटत नाही. जन्मभर पोटात एक गोळा होता, कडीचा, पैशांचा, हिच्या दुखण्याचा. तो सापडत नाही. चाचपून बघितलं.

चिमणी समोर बसली आहे. ओठ मिटलेले. हसते आहे असं वाटतं, पण तेवढंच. वरचा ओठ दाताला धरून आहे. हातात ग्लास.

मला माहीत आहे की मी उठायला हवं. नुसतं माहीत आहे. एखाद्याने दुसऱ्या गावची बातमी सांगावी, तसं.

बाईंचा फोन आला होता. लेकीने सांगितलं, बाबांना झटका आला आहे. बाईंनी काळजी घ्या म्हटलं. नळ्यांचं काही विचारलं नाही वाटतं.

उद्या लिहून देईन. नीट, मोठ्या अक्षरात.

शुक्रवार

सकाळ. लेकीला नियमाचं पान दाखवायचं ठरवलं. मंगळवारचं. दोन रेघांचं. सगळं तिथे लिहिलंय, बाईंच्या शब्दांत. ते वाचलं की तिला कळेल. बाईंना फोन करेल.

मागची पानं उघडत नाहीत.

सगळी मिळून एक झाली आहेत. फळीसारखी. प्रत्येक पान मी बोट ओलं करून उलटलं होतं. प्रत्येक.

हे एकच पान मोकळं आहे. डावा तळहात त्यावर टेकला, तो आता उचलत नाही.

मग इथेच लिहितो. पोरी, हे तुला. मला झटका आलेला नाही. मी डिंक चोरला. चिमणीच्या दाताला लावला. मी सांगितलं नाही, तुझ्या नवऱ्याला घाबरलो. बाईंना बोलाव. आधी चिमणीचं—

खोलीत त्या दोघी आल्या आहेत. चिमणी खुणेने काहीतरी मागते आहे. गळ्याला हात लावून. लेक म्हणते, थांब हं राणी, देते.

वही वर धरून दाखवायची आहे. हात टेबलालाही—

वाईट वाटायला हवं. वाटत नाही. लिहितो आहे तेवढंच.

पाण्याचा जग उचलला. पाणी ओतल्याचा आवाज. पोरी इकडे बघ. एकदा बघ. पोरी थां