मास्तरांचे सुविचार

मालवण,
५ जुलै १९६४

प्रिय सुगंधा,

तुझी तिन्ही पत्रे मिळाली. उत्तराला उशीर झाला, त्याला माझ्या तब्येतीचे किंवा टपालाचे कारण नाही. आईच्या वर्षश्राद्धाला माझ्या सुविचारांची पुस्तिका काढायची, असे तू आणि जावई शंकररावांनी ठरवले आहे आणि त्यासाठी तू माझी वही मागतेस. वही पेटीत आहे. मी ती दोनदा कागदात बांधली आणि दोनदा सोडली. त्याचे कारण कळल्यावर तुझ्या मनातला बाप पूर्वीसारखा राहील असे वाटत नाही. तरी सांगतो.

इकडचे बरे आहे. पडवीला झावळ्यांचा आडोसा या वर्षी मीच बांधला, तो वाकडा झाला आहे. शेजारच्या हौसाबाई सकाळी पेज आणून देतात. परवा मी आभार मानू लागलो तर म्हणाल्या, "मास्तरांनू, गपचूप खावा. पेजेर सुविचार नको." त्यांनी सहज म्हटले, पण मी वाटी तशीच खाली ठेवली.

तुला आठवत असेल, त्रेपन्न साली शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहायचे काम माझ्याकडे आले. पुस्तकांतली वाक्ये तीन आठवड्यांत संपली. एके सकाळी मी चुलीपाशी चहा घेत बसलो होतो आणि काही सुचत नव्हते. तुझी आई जात्यावर होती. तू आठ-नऊ वर्षांची, तिला मदत म्हणून जात्यात भसाभस तांदूळ घालत होतीस. ती तुला म्हणाली, "मूठ मूठच घाल गो. घाई केलंस तर भरड येतली." मी शाळेत जाऊन लिहिले, "थोडे थोडे, पण नेटाने केलेले कामच उत्तम होते." मुख्याध्यापकांनी ते सर्व वर्गांत वाचून दाखवले आणि माझी पाठ थोपटली. बायकोचे बोलणे म्हणजे घरातलीच वस्तू, त्यात काय सांगायचे, असे मला वाटले.

पुढे ती सवयच झाली. शाळेत जाण्यापूर्वी मी चुलीपाशी बसू लागलो. ती गप्प असली तर मीच काहीतरी विषय काढायचो. म्हातारा तांडेल वारल्यावर रापणीचे जाळे ओढणाऱ्यांचा पुढारी कोण, यावरून किनाऱ्यावर तंटा झाला होता, तो तुला ठाऊक आहे. आई मासळी घेऊन घरी आली आणि टोपली ठेवता ठेवता म्हणाली, "बोंबाटता तो म्होरको न्हय. जाळा अडाकला काय पयलो पाण्यात उतारता तो म्होरको." दुसऱ्या दिवशी फळ्यावर होते, "आज्ञा देणारा नव्हे, संकटात प्रथम उतरणारा तो नेता." त्यावर मी मुलांसमोर अर्धा तास बोललोसुद्धा. मला तर पोहताही येत नाही.

तिला हे बरेच दिवस ठाऊक नव्हते. हौसाबाईंची नात एकदा ओटीवर सुविचार पाठ करत बसली होती. तो ऐकून तुझी आई पदर तोंडाला लावून हसली. मला म्हणाली, "ह्या तर माझाच! नवी साडी नेसवन हाडलात." ती रागावली असती तर बरे झाले असते. मीही हसलो आणि विषय तिथेच संपला. तुला ती तिची बोलणी वाटत आणि ही माझी वाक्ये. दोन्ही एकच आहेत हे तुला कळायला मी कधी वाव दिला नाही.

सत्तावन्न साली तपासणीला आलेले साहेब आपल्या घरी चहाला आले. आईने दारात येऊन म्हटले, "बसा, च्या हाडतंय." ती मालवणी बोलली म्हणून मी तिला डोळ्यांनीच आत जायला सांगितले. साहेबांनी विचारले, इतके चांगले विचार तुम्हाला सुचतात तरी कसे? मी शुद्ध मराठीत म्हणालो, "रोज सकाळी थोडे चिंतन करतो." ती दारामागे कपबश्या घेऊन उभी होती. कपबश्यांचा आवाज मी ऐकला. त्याच साहेबांच्या शिफारशीने कसालच्या शिक्षक मेळाव्यात मला शाल आणि नारळ मिळाला. घरी आल्यावर तिने नारळ कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाली, "बरो आसा. कढीक होतलो." दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी बसलो, तेव्हा तिने नेहमीसारखे बोलायला सुरुवात केली. मला वाटते, माझ्यासाठीच.

शाळेत माझ्याबद्दल अजूनही चांगले बोलतात. परवा नवे गुरुजी मुलांना सांगत होते, जिद्द शिकावी तर मास्तरांकडून. मी मागच्या दाराने निघून आलो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या श्रावणात आईला ताप आला, तो तिसऱ्या दिवशी फार चढला. शाळेची वेळ झाली होती. मी छत्री घेऊन तिच्यापाशी गेलो आणि तिला कसे वाटते हे न विचारता म्हणालो, "आज काय लिहू?" तिने छत्रीची मूठ धरली. म्हणाली, "आज फळो कोरोच रवांदे." मी तिची बोटे हळूच सोडवली आणि निघालो. व्हाळाचे पाणी ओलांडेपर्यंत माझे वाक्य तयार झाले होते, "रोज सकाळी मन कोऱ्या फळ्यासारखे असावे." ते मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिले. अकराच्या सुमारास हौसाबाईंचा मुलगा धावत आला. मी घरी पोचलो तोवर ती गेली होती. तुझ्या पुस्तिकेच्या पहिल्या पानासाठी तू शाळेतून कळलेले हेच वाक्य निवडले आहेस, आणि प्रस्तावनेत लिहिले आहेस की पत्नी अंथरुणाला खिळलेली असतानाही आबांनी फळा एक दिवस चुकवला नाही. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवले आणि तीन महिने उघडले नाही. वही सोबत पाठवतो. प्रत्येक वाक्यासमोर तिचे मूळ बोलणे, आठवले तसे, मालवणीत लिहिले आहे. जिथे आठवले नाही तिथे जागा मोकळी आहे. छापायचे तर तुझ्या आईच्या, शेवंतीच्या नावाने छाप, माझे नाव कुठेही नको. पण ते एक वाक्य कुणाच्याच नावाने छापू नकोस. तो सुविचार नव्हे. ती मला घरी थांबा म्हणत होती, आणि मला ते तेव्हाच कळले होते.

तुझाच,
आबा