विमानातून नेलेला धोंडा

खोडद,
संक्रांतीच्या आधीचा सोमवार, २००४

ती. रखमाजी दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सोनबाचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. हैदराबादहून आल्यापासून कंबर सरळ होत नाही. कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? पंचायत समितीचे जिने चढताना कठड्याला धरत जा. हिराअक्काचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, त्यावर फार विसंबू नका. फोन केला असता, पण तुमच्या ऑफिसातला फोन तुमच्या साहेबांच्या टेबलावर असतो, आणि मला जे सांगायचंय ते साहेब नावाच्या माणसाच्या कानावरून जाऊ नये असं सध्या वाटतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, जनावरांच्या औषधांच्या कंपनीत मी जुन्नर आणि आंबेगाव असे दोन तालुके सांभाळतो. माझा कामाचा प्रवास म्हणजे मोटारसायकल, हँडलला पिशवी, पिशवीत जंताच्या औषधाच्या बाटल्या, आणि दिवेलागणीला परत घरी. यंदा कंपनीला काय सुचलं कोण जाणे, वर्षाची मीटिंग हैदराबादला ठेवली आणि आम्हाला विमानाने बोलावलं. सोबत एक इंग्रजी कागद पाठवला : धंद्याचा प्रवास सुखाचा कसा करावा. मी तो डिक्शनरी घेऊन वाचला. एकच बॅग घ्या, तीही चाकाची. कपड्यांच्या घड्या करू नका, गुंडाळ्या करा. मोजे बुटात कोंबा. कामाचे कागद वर ठेवा. आणि शेवटी, बॅगेचा थोडा भाग रिकामा सोडा. (हा कागद लिहिणाऱ्याच्या घरात आई नसावी.)

सुंदराच्या हाती माझा संसार होता तोवर माझी पिशवी तीच भरायची. तिला देवाघरी जाऊन आता तिसरं वर्ष लागलं. पिशवी उघडली की हवं ते वरच सापडायचं, आणि मला वाटायचं पिशव्या अशाच असतात. ती गेल्यावर ते खातं आईने घेतलं. घरात आता आम्ही दोघंच, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे दाद मागायची सोय नाही.

आता आईची सामान बांधायची रीत तुम्हाला सांगायला नको, तुमचंही बालपण मेंढरांमागेच गेलं. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड घाट उतरून कोकणात जायचं, आणि सगळा संसार एका घोड्यावर. भांडी, पालाचं कापड, कोंबड्या, आणि वर तुमची आताची बायको. घोडा भरायचं काम आईचं. नियम एकच, दोन्ही अंगांना वजन सारखं, नाहीतर घोड्याची पाठ सोलवटते. एक बाजू हलकी पडली तर तिकडे धोंडा बांधायचा. आता घोडा जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, मेंढरंही गेली, पण आईच्या मनातून तो नियम गेला नाही, आणि घरात भरण्याजोगा प्राणी म्हणाल तर मीच उरलो आहे.

मी चाकाची बॅग दाखवली. तिने ती उताणी केली, चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाली, “ही मातीत रुतत्यात.” (घरापासून एसटीपर्यंत रुतली.) मी रिकाम्या जागेचं सांगितलं तर म्हणाली, “मोकळीच न्यायची व्हती तर पिशवी कशाला इकत आणली?” मग मी आंघोळीला गेलो, ही माझी चूक. येऊन पाहतो तर बॅग गच्च भरलेली आणि तिच्या जोडीला तितकीच फुगलेली एक कापडी पिशवी. बॅगेत घोंगडी, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पितळी तांब्या, आणि या सगळ्याच्या तळाशी माझा मीटिंगचा पांढरा शर्ट, कंपनीच्या कागदाप्रमाणे गुंडाळून. (तेवढं एक तिने ऐकलं. चटणीच्या पुडीभोवती गुंडाळला होता.) मी रागावलो, पण तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, चाचपडत चाचपडत एवढं सगळं भरलेलं, पुन्हा उपसायचं जिवावर आलं. दोन्ही खांद्यांना दोन्ही लटकवून निघालो. खरं सांगायचं तर तोल उत्तम होता.

विमानतळावर मोठी बॅग त्यांनी घेतली, कापडी पिशवी माझ्या हाती ठेवली. ती तपासायच्या यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. जवानाने मला बाजूला घेतलं, पिशवीत हात घातला आणि आमच्या ओढ्यातला एक गुळगुळीत काळा धोंडा बाहेर काढला. मला त्याची काहीही कल्पना नव्हती, पण बघताक्षणीच समजलं. पिशवी हलकी पडली असणार. “ये क्या है?” जवान म्हणाला. मी म्हणालो, “वजन के लिए.” तो म्हणाला, “किसका वजन?” आता घोड्याचं हिंदीत कसं समजावून सांगायचं? मी घामाघूम. तेवढ्यात रांगेतल्या एक आजी पुढे होऊन म्हणाल्या, “अहो, देव असेल त्यांचा.” जवानाने एकदा धोंड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझं तोंड त्या वेळी भाविकासारखंच दिसत असणार. त्याने धोंडा दोन्ही हातांनी परत दिला आणि सांभाळून न्यायला सांगितलं. यानंतर तो टाकून देणं शक्य नव्हतं. आजी शेजारच्याच खुर्चीवर आल्या. कुठला देव म्हणून विचारलं, मी भैरवनाथ म्हणालो, त्यांनी पर्समधून हळदीकुंकू काढलं. हैदराबादेपर्यंत मी तो मांडीवर घेऊन बसलो. ढग बघायचे राहिले.

हे सगळं आमचे मोठे साहेब दोन रांगा मागून बघत होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री हॉटेलात गारठा म्हणजे माळशेजला पौषात असतो तेवढा, आणि तो बंद करायचं बटण सापडेना, म्हणून मी घोंगडी पांघरून भाकरी खात बसलो होतो. साहेब सगळ्यांची विचारपूस करत खोलीत आले, बघून गेले. सकाळी मी लाल डागांच्या शर्टात मीटिंगला बसलो. साहेब उभे राहून म्हणाले की काही माणसं सुटकेस उचलतात, पण आपले सोनबा घरदार उचलून निघतात, देवासकट. असा माणूस कुठेही टाका, राहील. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कशासाठी आहेत ते कळायच्या आत. यवतमाळकडचं नवं क्षेत्र उघडायचं आहे, तिथे कुणी जायला तयार नव्हतं. दाजी, ते माझ्या नावावर टाकलं. एक फेब्रुवारीला हजर व्हायचंय, आणि नाही म्हणालो तर नोकरी नाही.

असो. फार लांबलं. अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्यांना जपा.

आपला,
सोनबा

ता. क. एवढा पसारा लिहून खरं ते राहिलंच. तिकडे माझं काम म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस गावोगाव मुक्काम. आईला परक्या गावात, एका डोळ्यावर, बंद खोलीत कोणाच्या भरवशावर ठेवू? इथे एकटी ठेवली तरी तेच. लेकीच्या सासरी आईने चार घास खाऊन निघावं, राहू नये, ही आपली रीत मला ठाऊक आहे, आणि तुमच्या भावकीत काय बोलतील तेही. तरी विचारतो. मला बदली परत मिळेतो आईला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? हे विचारताना मला लाज वाटते. दुसरं दार असतं तर विचारलं नसतं.

ता. क. दुसरा. साहेबांनी माझी निवड कशावरून केली ते आईच्या कानावर जाऊ देऊ नका. मी तिला सांगितलंय की तिने दिलेल्या सामानाची सगळ्यांनी वाहवा केली. हे खोटं नाही.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घालत होतो तर आई म्हणाली, “हिराकडं जाऊन येते दोन रोज. लई दिस झालं.” मी बदलीचं तिला अजून बोललेलो नाही. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, “तुजं जेवान सांगतंया.” तेव्हा हे पत्र टपालाने न पाठवता तिच्याच हाती देतोय, तिला वाचता येत नाही. मंचरहून दुपारच्या गाडीने घोडेगावला उतरेल, स्टँडवर कुणाला तरी पाठवा, एवढाच निरोप तुमच्या साहेबांच्या फोनवर देतो. बरोबर तिने स्टोव्ह घेतलाय, तवा घेतलाय, पीठ घेतलंय. जावयाच्या अन्नावर बसायचं नाही म्हणते, आपलं आपण भाजून खाईन म्हणते. दाजी, पडवीत कोपरा द्या आणि भाजू द्या, कुणी हसू नका. दोन रोज म्हणालीय. पिठाचा डबा मी आत्ता उचलून पाहिला. तो दोन रोजांचा नाही.