सिंट आल्बान बेटाच्या अकरा वह्या

रविवारी दुपारी मोरेश्वर बेटावरून फोन करायचे. इकडे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकच्या स्वयंपाकघरात स्पीकर लावून मी मेथी निवडायची. ते वहीतून तिथल्या लोकांचं बोलणं वाचायचे, मी त्याचं नेटकं इंग्रजी करून द्यायची.

"अगं, ही म्हातारी नवऱ्याबद्दल काय म्हणते ऐक!"

"अहो, नवरा राहू द्या, मुद्दा सांगा."

कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी सारांशलेखन तसंच शिकवलं होतं.

मी, सुचेता मोरेश्वर दांडेकर, वय अडुसष्ट, पूर्ण शुद्धीवर, कोणी भरीस न घालता ही व्यवस्था लिहून ठेवते.

१. घर व बचत मुलाला, ईशानला. नोटारिसकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे, नोंद आहे. पाटल्या सुनेला, अमृताला. तिने खुशाल मोडाव्यात. सासूबाईंनी मला त्या कधी घालू दिल्या नाहीत.

२. मोरेश्वर गेल्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. शेवटचं पाहताही आलं नाही. पुढे सरकारी ऑफिसातलं त्यांचं खोकं टपालाने आलं. आत अकरा वह्या, एक छापील अहवाल.

सिंट आल्बान हे नेदरलँड्सचं कॅरिबियन बेट, वस्ती अकराशे. पिढ्यान् पिढ्या गव्हर्नरचा हुकूम ऐकलेली ही माणसं सत्तर वर्षांपूर्वी पाच जणांचं मंडळ स्वतः निवडू लागली. दोन वर्षांपूर्वी वरून आदेश येऊन ते बरखास्त झालं, आयुक्त आला. तो आदेश या अहवालावरून निघाला, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला सांगितलं होतं, बेटाचा इतिहास लिहितोय.

अहवालाचं पान बावीस, वाक्य माझं: "मंडळ निरुपयोगी आहे, असे रहिवाशांचे मत आहे."

वहीत त्या म्हातारीचं, बेटावर तिला मिस अर्नेस्टीन म्हणतात, मूळ बोलणं: "आमचं मंडळ म्हणजे माझा नवरा. कामाचा नाही. पण दुसऱ्या कुणी त्याला हात लावला, तर झाडू घेऊन उठेन."

'कामाचा नाही'च्या पुढचं मी कापलं होतं.

शेवटच्या वहीत मोरेश्वरांचं अक्षर: "सुचेताला कसं सांगू?"

मी उभीच राहिले. वरण करपल्याचा वास शेजारच्या मालिनीला आला, मला नाही.

३. मोरेश्वरांच्या साहेबांनी अहवालाबद्दल त्यांना दिलेली चांदीची तबकडी साहेबांना परत करावी. सोबत चिठ्ठी नको.

४. ईशान म्हणतो, "आई, इट्स जस्ट पेपर." नाही. मंडळाची निवडणूक पुन्हा घ्यायची की नाही, हे ठरण्याआधी वह्या बेटावर पोचायला हव्यात. विमानं सुरू होईपर्यंत टिकले तर मीच नेईन. नाहीतर ईशानने स्वतः जाऊन मिस अर्नेस्टीनच्या हाती द्याव्यात. ती नसल्यास जुन्या मंडळातल्या कोणाकडेही. माझ्या वतीने माफी मागू नये, ती मी लिहून पहिल्या वहीत ठेवली आहे. घ्यायच्या की नाही, हा त्यांचा अधिकार. नाही म्हणाले, तर पायरीवर ठेवून पळू नये. परत आणाव्यात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावं.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. दोघांनी मास्क लावून, आपापल्या पेनाने, दारातच सह्या केल्या.

साक्षीदार: मालिनी पटवर्धन, श्रीनिवास पटवर्धन
सही: सुचेता मोरेश्वर दांडेकर
रायस्वाइक, २२ फेब्रुवारी २०२१